जित्या बापाची पोर

आमच्या वाडीत बयाबाईबद्दल दोन मतं होती. काही म्हणत, नवऱ्याच्या धसक्याने तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. बाकीचे म्हणत, कसला परिणाम, ती मुळातच आगाऊ. दोन्ही मतांच्या घरी मी जेवलेय, तेव्हा कोणाची नावं घेत नाही. पण दोन्ही मतं साफ चुकीची होती, आणि ती कशी चुकीची होती हे सांगायला आता माझ्याशिवाय फारसं कोणी राहिलेलं नाही. म्हणून सांगते.

पोलादपूरहून घाटाच्या अंगाने वर चढत गेलं की सावित्रीला मिळणारा एक ओढा लागतो, त्याच्या काठाला आमची वाडी. भात, नाचणी, वरी, आणि घरटी एक तरी माणूस बाहेर, मुंबईच्या गिरणीत नाहीतर फौजेत. गिरणीतला माणूस शिमग्याला, गणपतीला दिसायचा. फौजेतला कधी दिसेल त्याचा नेम नसायचा. माझे वडील गिरणीत होते. शेजारच्या घरातला मुरारी फौजेत होता, आणि बयाबाई त्याची बायको.

बयाबाई ठेंगणी, काळीसावळी, चालायला लागली की मागच्याला धावावं लागे. कपाळाला मेण लावून त्यावर रुपयाएवढं कुंकू. पोटाला दोन मुलगे आले आणि गेले, राहिली ती एकटी आवडी. आवडी आणि मी बरोबरीच्या. मुरारीचा एकच हट्ट होता, की पोरीला सातवीची फायनल होऊ द्यायची. फौजेच्या इस्पितळात त्याने शिकलेल्या बायका कामं करताना पाहिल्या होत्या आणि त्याचं त्याला भारी अप्रूप होतं. सुटीवर आला की आवडीला अंगणात उभी करून पाढे म्हणायला लावायचा, तेही सावधान उभं राहून. आम्ही हसून लोळायचो.

घरात मुरारीचा थोरला भाऊ भागोजी. सज्जन माणूस, पण भित्रा, आणि भित्र्या माणसाला सगळ्याचीच घाई असते. बयाबाई त्याच्याशी कधी बोलत नसे. भांडण नव्हतं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, अशी रीत होती. काही सांगायचं झालं तर ती पदर ओढून आवडीला सांगे, 'तुझ्या काकाला सांग, बैल ओढ्याकडे गेलाय.' काका तीन हातांवर बसलेला असे आणि त्याला स्वच्छ ऐकू येत असे. तरी आवडी इमानाने निरोप सांगायची. आवडी शाळेत असली तर बयाबाई गाईला सांगायची. गाईच्या नावाने भागोजीला तिने जे ऐकवलंय, ते त्याला बायकोनेही कधी ऐकवलं नसेल.

बासष्ट साली दिवाळीच्या तोंडाला चीनची लढाई लागली. पोलादपूरला एका दुकानात रेडिओ होता, त्याच्यापुढे आमची सगळी माणसं जाऊन बसायची आणि न कळलेल्या गावांची नावं घरी घेऊन यायची. नेफा म्हणजे कुठे, कोणालाच ठाऊक नव्हतं. मुरारी तिकडे आहे एवढं ठाऊक होतं. लढाई थांबली, पौष लागला, आणि तार आली. मुरारी बेपत्ता.

मेला म्हणून कळलं असतं तर काय करायचं ते वाडीला माहीत होतं. बेपत्ता माणसाचं काय करायचं हे कोणालाच सुचेना. बायका रडायला आल्या आणि बयाबाईच्या कपाळावरचं कुंकू बघून दारातच घुटमळल्या. ती आत भाकऱ्या थापत होती. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि चहा ठेवला. तेव्हापासून पहिलं मत सुरू झालं.

आता लढाई म्हटली की लोकांना बंदुका आठवतात. बंदूक आमच्या वाडीने पाहिली नाही. पण ती लढाई आमच्या वाटेवर येऊन बसली, आणि आली ती आम्हा पोरींसाठीच. आम्ही पाच-सहा जणी रोज ओढ्याच्या उतारावरून शाळेला जायचो. त्या उतारावर कोळशाच्या भट्ट्या होत्या आणि भट्ट्यांवर एक मुकादम होता. मुरारी सुटीवर यायचा तेव्हा हा मुकादम लांबूनच त्याला रामराम घालायचा. तारेची बातमी फिरली आणि तो आमच्या वाटेवरच्या दगडावर येऊन बसायला लागला. आधी नुसता बसायचा, मग बोलायला लागला. एके दिवशी त्याने आवडीची वेणी धरली आणि म्हणाला, "आता कुनाला सांगशील?" आवडीने दप्तर त्याच्या तोंडावर मारलं, झटापटीत तिच्या पोलक्याची बाही फाटली, आणि आम्ही सगळ्या जणी काटेकुटे न बघता वर वाडीकडे पळत सुटलो.

त्या संध्याकाळी आम्हा बाकीच्या सगळ्यांच्या घरी एकच निर्णय झाला, की पोरींची शाळा बंद. मुकादमाची भट्टी बंद करावी असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. ह्याचा राग मला तेव्हा आला नव्हता. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती आणि शाळा सुटली म्हणून थोडं बरंही वाटत होतं. राग नंतर आला आणि तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई कमरेला कोयती अडकवून भट्टीवर गेली. माणसं कामाला लागली होती. मुकादम चहा पीत होता. तिने ना आवाज चढवला, ना कोयतीला हात लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजा मालक बेपत्ता हाय, मेला नाय. आल्यावर पयलं हेच इचारील, माज्या पोरीला हात कुनी लावला. मी तुजं नाव सांगनार हाय."

मुकादम हसला म्हणे. पण बेपत्ता फौजी म्हणजे मोठी पंचाईत. मेला असता तर विषयच संपला असता. हा उद्याही येईल, वर्षाने येईल, आणि येईल तेव्हा त्याला माणूस मारायची सवय झालेली असेल. मुकादम त्या दगडावर परत बसला नाही. बयाबाईने तरी विश्वास टाकला नाही. रोज आवडीला ओढ्यापार नेऊन सोडायची आणि शाळा सुटायच्या वेळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन तिथेच उभी असायची. वाडीतून शाळेला जाणारी आता आवडी एकटीच राहिली. माझे वडील मुंबईहून आले, घाबरेघुबरे झालेले, आणि वैशाखात माझं लग्न खालच्या वाडीत उरकून टाकलं. मी चौदाची होते. नवरा चांगला निघाला, हे माझं नशीब. पण ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

भागोजीनेही आवडीसाठी स्थळ आणलं. गिरणीत कामाला असलेला बिजवर, तिशी ओलांडलेला, पहिलीची दोन पोरं. भागोजीचं म्हणणं सरळ होतं. घरात कर्ता पुरुष नाही, रानाची वाट, पोर वयात येतेय. उद्या काही झालं तर जगाला तोंड कसं दाखवायचं? त्यात त्याची स्वतःची मुलगीही मागून वाढत होती. बयाबाई पदर ओढून गाईकडे वळली आणि गाईला म्हणाली, "पोरीचा बाप येऊ दे. कन्यादान त्याचं हाय."

भागोजीला ते स्थळ बाजूला ठेवावं लागलं. बाप जिवंत असताना चुलत्याने मुलगी द्यायची, असं आमच्याकडे झालेलं नव्हतं. आणि हेच बयाबाईने पक्कं ध्यानात ठेवलं. विधवा झाली की तिचा शब्द संपला, मग पोरीचं काय करायचं ते दीर ठरवणार आणि गाव मान डोलावणार. तिच्या कपाळावर कुंकू होतं तोवर आवडीच्या दाराला आतून कडी होती.

मग ज्येष्ठात कुशाबा आला.

कुशाबा पाचाडचा, मुरारीच्याच पलटणीतला. चिन्यांनी धरून नेलेले आपले शिपाई त्या उन्हाळ्यात सोडले, त्यांतला एक. हाडांचा सापळा झालेला, उजव्या पायाची बोटं नसलेली. तो वाडीत शिरला तेव्हा माणसं पेरणीआधी शेत भाजायच्या कामात, भाजावळीत होती. बयाबाईने त्याला ओळखलं, आवडीला झऱ्यावर पाण्याला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला पुढे तिनेच सांगितलं.

बर्फातून मागे सरताना मुरारीचे पाय काळे पडले. अंगावर सुती कपडे होते. कुशाबाने त्याला पाठुंगळी घेतलं, पण दोघेही पडायला लागले. शेवटी मुरारी एका खडकाला टेकून बसला आणि बसल्या जागी गेला. कुशाबाने त्याचे डोळे मिटले, वर दगड रचले आणि पुढे निघाला, तोच पकडला गेला. साहेबांना त्याने सांगितलं होतं. पण देह नाही, साक्षीदार एकटा, सरकारी कागदाला वेळ लागणार होता.

बयाबाई ऐकत बसली. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, हे वाडीत कोणाला बोललास का. तो म्हणाला, आधी तुमच्याकडेच आलो. तेव्हा ती म्हणाली, "मग कुनाला बोलू नको. भाऊ मानते तुला. माजी पोर चौदाची हाय, तिला मोठी व्हऊ दे."

कुशाबा गडबडला. मेलेल्याचे दिवस घालायचे नाहीत, पाणी सोडायचं नाही, हे त्याला कसंसंच वाटलं. तिलाही वाटलंच. माझ्यापाशी बोलताना म्हणाली, "मैने, मला काय पापाची भीती नव्हती व्हय? लई व्हती. पन तो असता तर त्यानं काय सांगितलं आसतं, ते मला ठाऊक व्हतं." कुशाबाने जाताना वाडीत सांगितलं की लढाईत आमची गाठ पडली नाही, मला मुरारीचं काही ठाऊक नाही. आवडी झऱ्यावरून आली तेव्हा बयाबाई जात्यावर बसली होती आणि जात्यात दाणे नव्हते.

त्या आठवड्यात तिने आणखी एक गोष्ट केली. मुरारीची काळी घोंगडी ओटीवरच्या खुंटीला टांगलेली असायची, तिला कोणी हात लावायचा नाही. ती तिने काढली, कोयतीने मधोमध कापली आणि अर्धी आवडीला शाळेच्या वाटेवर पावसाची पांघरायला दिली. शेजारणींनी विचारलं तर म्हणाली, कसर लागली होती. शेजारणींनी मान हलवली आणि पहिल्या मताला आणखी दोन माणसं मिळाली.

दुसऱ्या वर्षी गणपती झाल्यावर सरकारी कागद आला. मुरारी लढाईत मेला असं सरकारने धरलं होतं. भागोजी ढसाढसा रडला, डोळे पुसले आणि गावकी बोलावली. रडणंही खरं आणि गावकीही खरी, तो माणूसच तसा होता.

आमची गावकी भैरीच्या देवळात बसे. पुरुष आत, बायका पायऱ्यांच्या खाली. त्या दिवशी झाडून सगळ्या बायका जमल्या होत्या. मीही खालच्या वाडीतून पोट सावरत चढून आले. गावकीचा म्होरक्या सदूबाबा, त्याच्या आधी त्याचा बाप म्होरक्या होता. भागोजीने कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, भावाचे दिवस घालू, वैनीचं कुंकू उतरवू, आणि पोरीचं लग्न वर्षाच्या आत करू. घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत नाहीतर तीन वर्षांनी, ही रीत तुम्हालाही ठाऊक आहे. तीन वर्षं थांबलं तर पोर सतरा-अठराची होईल, बापाविना घोडनवरीला मग कोण घेणार? आणि तोच बिजवर अजून तयार होता. सदूबाबाने मान डोलावली. आता काम संपलं असं सगळ्यांना वाटलं, आणि पानाचे डबे निघाले.

बयाबाई पायरीशी येऊन उभी राहिली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दिराशी बोलायचं नाही, गावकीत बाईने बोलायचं नाही. तिने हात जोडले आणि गाभाऱ्यातल्या देवाला सांगायला लागली.

"भैरीबाबा, तू ऐक. सरकारनं माजा मालक मेला धरलाय. कुनी बघितला नाय, कुनी जाळला नाय. मढं नसलेल्या मान्साची बारा वर्सं वाट बगायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, ही तुज्याच गावाची रीत. बारा वर्सं माजं कुकू ऱ्हानार. आनि जित्या बापाची पोर चुलत्यानं कशी द्यावी, तूच सांग."

आत कुजबुज झाली. एक जण मोठ्याने म्हणाला की सरकारचं पेन्शन घेताना बरा मेलेला चालतो. बयाबाई देवाकडेच बघत म्हणाली, "सरकार मेला धरून देतंय, मी जिता धरून घेते." बायकांत खसखस पिकली. सदूबाबा चिडला. मढं नसलं म्हणून काय झालं, कागद आहे, त्यावर सरकारचा शिक्का आहे, असं म्हणाला.

तेव्हा रंगूबाई उठली. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी साठीपुढची म्हातारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती कधी कोणाशी दोन वाक्यांवर बोलल्याचं मला आठवत नाही. काठी टेकत ती पायरी चढली, जिथे बाई चढत नाही तिथे, आणि सदूबाबाच्या समोर उभी राहिली.

"सदू, तुज्या बापानं मला हितंच उभी केली व्हती," ती म्हणाली. "माजा दादला पयल्या जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला. कागद आला. शिक्का व्हता त्याच्यावर. मी सोळाची व्हते. दासगावचा एक मानूस पाट लावायला तयार व्हता. तुजा बाप म्हनला, कागदानं मानूस मरत नाय, मढं नाय तवर बारा वर्सं बस. बसले मी. पुतळा जाळला तवा त्या मान्साला दोन पोरं झालती. आता तू सांग, तवा कागद खोटा व्हता नि आज खरा कसा झाला?"

रंगूबाईची ही गोष्ट वाडीत म्हाताऱ्यांना ठाऊक असणार, पण आम्हा पोरींना कधी कोणी सांगितली नव्हती. आम्ही लहानपणी तिला हडळ म्हणून चिडवायचो. सोळा वर्षांच्या मुलीला बारा वर्षं बसवलं, आणि बसवलं त्याच पायरीशी आता तिची काठी टेकलेली होती. मला भयंकर लाज वाटली आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

सदूबाबा पुरता अडकला. कागदाने माणूस मरतो म्हणावं तर बापाने रंगूबाईचा जन्म फुकट घालवला असं होतं, तेही भर गावकीत, पोराच्या तोंडून. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. शेवटी म्हणाला, गावकीचा एकदा झालेला शब्द बदलत नाही. बारा वर्षं. भागोजीने खाली मान घातली. बिजवराने त्याच मोसमात दुसरी मुलगी बघितली.

पुढची वर्षं सांगायला सोपी आहेत, काढायला नव्हती. आवडी फायनल झाली, तालुक्यात चांगल्या मार्कांनी. मग मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत, जिल्ह्याच्या गावी पोरींचं वसतिगृह होतं, तिथे राहिली. बयाबाईने शेती केली, गुरं केली, आणि दर वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं. सगळ्या बायका नवऱ्याला आयुष्य मागायच्या, ही मेलेल्याला काय मागत होती कोण जाणे. मी एकदा तिच्या शेजारी होते. तिच्या हातून सूत दोनदा तुटलं. मला वाटलं उपासाने असेल. दुसऱ्या मताच्या बायका पाठीमागे बोलत होत्या की हिला नटायची हौस, म्हणून कुंकू सुटत नाही. तिने सगळं ऐकलं आणि दर वर्षी पहिल्या रांगेत उभी राहिली.

मुकादमासारखी माणसं नंतरही आली. आवडी सुटीत घरी आली की कोणी ना कोणी विचारायचाच, घरात कोण असतं म्हणून. बयाबाईचं उत्तर ठरलेलं होतं, मालक फौजेत हाय. एका मेलेल्या माणसाने आपल्या पोरीची राखण केली, ती अशी.

अडुसष्ट साली पावसाळ्याआधी आवडीला नेमणुकीचा हुकूम मिळाला. शिवथरच्या बाजूला एका वाडीतली शाळा, एकशिक्षकी, मास्तरीण तीच. ती घरी आली आणि तिने हुकूम आईच्या हातात दिला. बयाबाईला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटासुलटा बघितला, डोळ्यांना लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चौघांना नदीवर बोलावलं. भागोजीला, पाचाडहून कुशाबाला, मला आणि आवडीला.

ओढा नदीला मिळतो तिथे मोठी कातळं आहेत. बयाबाई कातळावर उभी राहिली, तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि भागोजीच्या तोंडाकडे बघून बोलली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"थोरलं भावजी, तुमचा भाऊ नाय. लढाईतच गेला. ह्या कुशाबानं डोळं मिटलं त्याचं. मला तवाच ठाऊक झालं व्हतं."

कुशाबाने मान डोलावली. भागोजी कातळावर बसला. मग म्हणाला, "मी दर सालाला भैरीला नारळ देत व्हतो, त्यो परत यावा म्हून." एवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बयाबाईने त्याच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, तुमचं मी चोरलं, पण पोरीसाठी चोरलं. भागोजी उठला, आवडीकडे त्याने एकदा बघितलं, आणि कुशाबाला म्हणाला की न्हावी बोलवायला पाहिजे, भावासाठी मिशा उतरवायच्या राहिल्यात. दोघे वाडीकडे गेले.

मग बयाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. ओंजळीत पाणी घेऊन तिने कपाळ धुतलं. मेण निघेना, तेव्हा बोटांनी घासलं. काकणं तिने कातळावर फोडली नाहीत, एकेक काढून पाण्यात सोडली. मला हुंदका आवरेना. आवडी मात्र काठावर ताठ उभी होती, मुरारी तिला अंगणात उभी करायचा तशी, हात बाजूला, मान सरळ.

बयाबाई बाहेर आली आणि लेकीसमोर उभी राहिली. म्हणाली, "तुला खोटं सांगितलं मी आजवर. काय बोलायचं ते बोल."

"मला ठाऊक व्हतं आये," आवडी म्हणाली.

"कसं गो?" बयाबाईने विचारलं. कुशाबा बोललेला नव्हता, दार लोटलेलं होतं, पोरगी झऱ्यावर होती.

"बाबाची घोंगडी तू कापलीस," आवडी म्हणाली. "येनाऱ्या मान्साची घोंगडी कोन कापतंय?"

ही पोर त्या अर्ध्या घोंगडीत चौदाव्या वर्षापासून शाळेला गेली. बाप मेलेला माहीत असून लोकांना सांगायची, बाबा फौजेत हायत. वसतिगृहात, रस्त्यात, देवळाच्या पायरीशी. लेकीला सांभाळताना आईला वाटत राहिलं की आपण एकटीच ओझं वाहतोय, आणि लेक त्याच ओझ्याची दुसरी बाजू धरून चालत होती. मी तिची जिवाभावाची मैत्रीण, मलाही कळलं नाही.

बयाबाईने विचारलं, "मग रडली का नाय गो कवा?"

"रडले आसते तर तुजं कुकू पुसलं आसतं," आवडी म्हणाली.

आणि मग ती रडली. एकोणीस वर्षांची मास्तरीण, नेमणुकीचा हुकूम कमरेला खोचलेली, चौदाव्या वर्षी गिळलेलं रडू तिथे त्या कातळावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, बापाच्या नावाने हाका मारत. बयाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि म्हणत होती, रड आता, आता कुनाला भ्यायचं नाय. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.